उरलेल्या कोळशाची गोष्ट

माणसाने कोळशाची शेगडी विकत घ्यावी की नाही, यावर माझं काही म्हणणं नाही. ज्याची त्याची हौस. माझं म्हणणं एवढंच की, खाणं भाजून झाल्यावर उरलेल्या कोळशाचं काय करायचं, ते खोक्यावर छापलेलं असावं. आमच्या खोक्यावर शेगडीचे पाय कसे जोडायचे ते अकरा भाषांत छापलं होतं. त्याप्रमाणे मी पाय जोडले. तीन बरोबर बसले आणि चौथ्याखाली वीट लावली. पण कोळशाबद्दल एकाही भाषेत अवाक्षर नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आधी माझी थोडी ओळख देतो, कारण या प्रकरणात माझ्याबद्दल बरंच काही बोललं गेलं आहे. मी विमा कंपनीत आगीच्या दाव्यांच्या विभागात आहे. कुणाचं गोदाम जळालं की कागद माझ्या टेबलावर येतात. 'सदर आग योग्य खबरदारी घेतली असती तर टाळता आली असती' हे वाक्य मी गेली बावीस वर्षं लिहितोय. त्यामुळे आगीतलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. घरात तो माझ्या एकट्याचाच होता.

शेगडी आणली ती सासऱ्यांसाठी. माझ्या सासऱ्यांनी एका मोठ्या बेकरीत चाळीस वर्षं भट्टी सांभाळली. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं ते आपल्या घरी एकटेच राहत होते. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि चार तास तसेच पडून राहिले. शेजाऱ्याने सहज दार वाजवलं म्हणून कळलं. बायकोने घाबरून फोन केला तर म्हणाले, "काही नाही गं, फरशी गार होती, बरं वाटलं." ती फोनवर हसली, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना पंधरा दिवसांसाठी म्हणून घेऊन आलो.

"अहो, पंधरा दिवस आहेत तुमच्या हातात," बायकोने मला बजावलं. "बाबांना इथं राहावंसं वाटलं पाहिजे. कायमचं."

"मग तू सांग की त्यांना."

"सांगून दमले. म्हणतात, इथं मी करू काय? खुर्चीत बसून भिंतीकडे बघू? तिथली भिंत निदान माझी तरी आहे."

आता, सासऱ्यांना खूश करणं हा माझ्या आयुष्यातला जुना, रखडलेला प्रकल्प आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत त्यांनी मला उद्देशून वापरलेल्या शब्दांत सर्वांत मोठा वाटा 'बरं' या शब्दाचा आहे. मला बढती मिळाली, "बरं." आम्ही घर घेतलं, "बरं." माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हाही "बरं"च. याही खेपेला मी त्यांना बाग दाखवली, वाचनालय दाखवलं, माझं ऑफिस आणि त्यातली माझी खुर्चीसुद्धा दाखवली. तीन बरं जमा झाले. सहाव्या दिवशी मला सुचलं की, ज्याचा जन्म विस्तवासमोर गेला त्याला विस्तवच दाखवावा. झालं, त्याच दिवशी शेगडी आली.

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर बेत केला. सहा मासे, आठ कणसं, थोडे बटाटे. कोळसा किती घालावा याचा अंदाज नव्हता, म्हणून कमी पडायला नको या हिशेबाने अर्धं पोतं ओतलं. सासरे खुर्चीत बसून बघत होते. चौथ्या प्रयत्नाला कोळसा पेटला. मासे बाहेरून काळे आणि आतून ताजे राहिले, म्हणजे अगदी समुद्रातल्याइतके ताजे. बायकोने "छान झालेत हं" म्हणत खाल्ले, आणि त्यावरून माझं लग्न योग्य बाईशी झालंय हे मला पुन्हा एकदा पटलं.

जेवणं झाली तरी शेगडीत कोळसा लालभडक रसरसत होता. तीनचतुर्थांश तसाच. उघडा विस्तव सोडून खाली जाणं माझ्या पेशाला शोभलं नसतं. मी जबाबदार माणूस. शांतपणे बादली उचलली आणि ओतली.

पुढच्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला फारसं बोलायचं नाही. वाफेचा एक लोट आकाशाच्या दिशेने गेला, त्याच्याबरोबर राख गेली, आणि वाफ वरच राहून राख तेवढी परत आली. ती माझ्यावर आली, बायकोवर आली, आणि शेजारच्या दोरीवर वाळत असलेल्या, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या पांढऱ्या शर्टांवर आली. ते शर्ट पाच होते. विटेने आपली जागा सोडली आणि शेगडी गुडघे टेकून बसली.

सासरे सात दिवसांत पहिल्यांदाच कुणी न सांगता खुर्चीतून उठले. शेगडीजवळ आले, आत वाकून बघितलं.

"जिवंत विस्तव होता, जावईबापू," ते म्हणाले. "मारलात."

आणि खाली निघून गेले. सोळा वर्षांनी मला 'बरं'च्या जागी दुसरं काही मिळालं, ते हे. खुनाचा आरोप झाल्यासारखं वाटलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी उठलो तो निश्चय करूनच उठलो: एकही कोळसा वाया जाऊ द्यायचा नाही.

ओला कोळसा वाळवायचा तर पसरायला काहीतरी हवं. कपाटातून एक जुनी चादर काढली. ती जुनी नव्हती, हे मला नंतर सांगण्यात आलं. गच्चीवर चादर, चादरीवर कोळसे, आणि कोळशांशेजारी मी. अशा वेळी आपल्या इमारतीत किती तज्ज्ञ राहतात ते कळतं. एकजण म्हणाला, कोळसा कुटून दात घासा. एकजण म्हणाला, कुंड्यांत घाला. कुंड्यांवाल्या वहिनी म्हणाल्या, माझ्या कुंड्यांना हात लावाल तर बघा. शेवटी तळमजल्यावरचे गुरुजी आले. गुरुजी विज्ञान शिकवून निवृत्त झालेत, पण विज्ञान अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"कोळशाच्या अंगी वास शोषून घेण्याचा गुण असतो," गुरुजी एक तुकडा उन्हात धरून म्हणाले. "सूक्ष्म छिद्रं! कापडात बांधून चपलांच्या कपाटात ठेवा, फ्रीजमध्ये ठेवा. घर कसं प्रसन्न होईल."

मला एकदम प्रकाश दिसला. मी घरातले सगळे जोडी हरवलेले मोजे गोळा केले. आमच्याकडे असे सतरा मोजे निघाले. जोडीदार कुठे जातात हा वेगळा विषय आहे आणि मी तो इथे काढत नाही. प्रत्येकात दोन-तीन मुठी कोळसा भरला आणि वर गाठ मारली. तीन आमच्या घरात ठेवले. पण चांगली गोष्ट एकट्याने भोगू नये. शिवाय राखेमुळे शेजाऱ्यांची मनं थोडी दुखावली होती. तेव्हा उरलेले चौदा मोजे मी घरोघर जाऊन सदिच्छा भेट म्हणून वाटले. सेक्रेटरीसाहेबांना पाच शर्टांची भरपाई म्हणून दोन दिले. त्यांनी ते चिमटीत धरून घेतले, पण घेतले.

सासरे हे सगळं दारातल्या खुर्चीतून बघत होते. एकदा त्यांनी एक कोळसा उचलून नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं, आणि परत ठेवला. मला वाटलं, कौतुक वाटलं असावं.

सोमवारी आमच्या जिन्यात एक मांजर दिसलं. मंगळवारी सकाळी सात. संध्याकाळी मी मोजायचं सोडलं. प्रत्येक दाराशी एकेक मांजर, आपला नंबर येईल अशा खात्रीने बसलेलं. आमच्या फ्रीजमधल्या दुधाला मासळीचा वास, लोण्याला मासळीचा वास, माझ्या ऑफिसच्या बुटांना तर असा वास की साहेबांनी मला बोलावून, दार लावून, आपुलकीने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "सिद्धान्त बरोबर आहे, प्रयोगात दोष आहे," आणि खिडकी लावून घेतली.

बुधवारी सेक्रेटरीसाहेबांचं पत्र आलं. हे गृहस्थ शेजारच्याच दारात राहतात, पण बोलायचं ते पत्रानेच. पत्रात तीन मुद्दे होते. एक: मी ज्वलनशील पदार्थ मोज्यांतून इमारतभर पसरवला. दोन: सदर मोज्याच्या आकर्षणाने एक मांजर त्यांच्या चपलांच्या कपाटात शिरलं असून तिथे त्याने चार पिल्लं घातली आहेत, अशा रीतीने इमारतीत पाच अनधिकृत रहिवासी वाढले आहेत. तीन: गुरुवारी संध्याकाळी कमिटीची सभा असून शेगडी जप्त करण्याचा ठराव मांडण्यात येईल. खुलासा लेखी आणावा.

पत्र मी बायकोला दाखवलं.  तिने वाचून नुसतं कॅलेंडरकडे बघितलं. पंधरातले अकरा दिवस संपत आले होते, आणि मी सासऱ्यांना इथं राहण्यासारखं काय दाखवलं होतं? एक राखेचा पाऊस आणि वीस मांजरं.

"बाबा," मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो. अगदी हताश होऊन विचारलं, त्यात डावपेच नव्हता. "कुठे चुकलं हो माझं?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"ज्या कोळशावर माशाची चरबी ठिबकली, तो वास घेईल कसा? तो वास देणार," ते म्हणाले. "आणि पाणी ओतलंत. पाण्याने चरबी सगळीकडे नेली."

"पण तुम्हाला माहीत होतं! तुम्ही हुंगून बघितलात! मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

मला फार लाज वाटली. विनोदाने सांगतोय, पण खरोखर लाज वाटली. सोळा वर्षं मी या माणसाला काही ना काही दाखवत आलो. माझी बढती, माझं घर, माझी खुर्ची. पण त्यांना एक प्रश्न विचारावा, असं मला कधी सुचलं नाही. भट्टीवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसासमोर मी विस्तव पेटवला आणि त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं.

"मग बाबा, उरलेल्या कोळशाचं करायचं काय असतं?"

आणि सासरे बोलायला लागले. बायको हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहिली. विस्तव पाण्याने मारायचा नसतो, तो झाकायचा. वर झाकण, खालची भोकं बंद. हवा तोडली की तो आपोआप झोपतो. रात्रभर हात लावायचा नाही, कारण वरून मेलेला दिसला तरी पोटात जागा असतो. दुसऱ्या दिवशी चाळणीतून हलवायचा. चुरा काढून टाकायचा, लिंबाएवढे तुकडे ठेवायचे. कोरड्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, घराबाहेर. पुढच्या वेळी निम्मा जुना, निम्मा नवा. चरबी लागलेला असेल तर आधी नुसताच पेटवायचा, धूर जाऊ द्यायचा, मगच वर खाणं ठेवायचं.

"नव्या कोळशाला पेटायला वेळ लागतो, जुना लगेच धरतो," ते म्हणाले. "बेकरीत आम्ही कालच्या कोळशावरच आजची भट्टी लावायचो. चाळीस वर्षांत एकदाच नव्याने पेटवावी लागली. पुराचं पाणी शिरलं होतं तेव्हा."

एका दमात इतकं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बायकोनेही बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं.

गुरुवारी सभेआधी मी मोजे परत गोळा केले. ही गोष्ट लिहायला सोपी आहे. प्रत्यक्षात आपण प्रेमाने दिलेली भेट परत मागायला चार मजले चढायचे, आणि प्रत्येक दारात ती आपल्याला काठीच्या टोकावरून मिळायची. एका मोज्याच्या अंगठ्याला भोक होतं, ते बघून कुंड्यांवाल्या वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुम्ही यांच्याकडे जरा लक्ष देत जा हो." सेक्रेटरीसाहेबांचे दोन्ही मोजे मिळाले नाहीत. त्यावर पिल्लं झोपली होती.

सभा तळमजल्यावर गुरुजींच्या बाहेरच्या खोलीत होती. सासरेही आले. म्हणाले, "चला, बसतो मागे." मी चार पानी खुलासा तयार केला होता. उभा राहून वाचायला लागलो आणि दुसऱ्या परिच्छेदात माझ्याच तोंडून बावीस वर्षांची सवय बाहेर पडली: "सदर प्रकार योग्य खबरदारी घेतली असती तर टाळता आला असता." सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "आमचंही तेच म्हणणं आहे," आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली बसलो. स्वतःचा दावा स्वतःच नाकारणारा मी आमच्या कंपनीतला पहिलाच माणूस असेन.

तेव्हा मागून आवाज आला. "मी दोन शब्द बोलू का?"

सासरे उभे होते. त्यांनी माझी बाजू मांडली नाही. ती मांडण्यासारखी नव्हतीच. ते फक्त विस्तवाबद्दल बोलले. कुठल्या वाऱ्यात शेगडी कुठे ठेवायची, भिंतीपासून किती लांब, जवळ वाळूची बादली का हवी, आणि विस्तव न मारता कसा निजवायचा. गुरुजी वहीत टिपून घ्यायला लागले. कुंड्यांवाल्या वहिनींनी विचारलं, "आणि राख कुंडीत चालते का हो?" सासरे म्हणाले, "मासे-मटण भाजलेल्या कोळशाची नको. नुसत्या लाकडी कोळशाची असेल तर चिमूटभर. मूठभर घातलीत तर झाड जाईल." वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. जप्तीची सभा होती हे तासाभराने कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कुणीतरी तर विचारलं, "म्हणजे सगळ्यांनी मिळून एकदा गच्चीवर करायला हरकत नाही ना?"

"हरकत आहे," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. त्यांच्या हातात एक छापील अर्ज होता. माझी खात्री आहे, हा माणूस जन्मला तेव्हा त्याच्याबरोबर अर्जांचा एक गठ्ठाही आला असणार. "गच्चीवर विस्तव करायचा तर परवानगी हवी. परवानगीसाठी जबाबदार व्यक्तीचं नाव हवं. प्रत्येक वेळी ती व्यक्ती हजर हवी."

मी हात वर केला. "माझं नाव लिहा."

"नको!"

आमच्या इमारतीच्या इतिहासात एकमताने संमत झालेला हा पहिला ठराव. माझी बायकोही त्यात होती.

"बाबांचं लिहा की," गुरुजी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा नीट केला. एरवी त्यांचा आवाज पत्रासारखाच असतो, पण या वेळी थोडा अडखळला. "लिहिलं असतं. आनंदाने लिहिलं असतं. पण जबाबदार व्यक्ती इमारतीतली कायमची रहिवासी लागते. हे पाहुणे आहेत. रविवारी जाणार ना तुम्ही?"

 बायको माझ्याशेजारी बसली होती. तिने माझा दंड धरला आणि तिची नखं रुतली. मी सासऱ्यांकडे बघितलं नाही, बघवलं नाही. मनात म्हणत होतो, आता म्हणतील 'बरं' आणि बसतील खाली.

सासरे पुढे आले. टेबलावरचा अर्ज उचलून त्यांनी लांब धरून वाचला, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"पेन द्या जरा," ते सेक्रेटरीसाहेबांना म्हणाले.

नाव लिहिलं. वय लिहिलं. 'अनुभव' या रकान्यात 'चाळीस वर्षं' लिहिलं. मग पेन थांबलं आणि मान न वळवता त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, घर नंबर काय आपला?"

मी इतकी वर्षं त्या घरात राहतोय, पण ऐनवेळी मला नंबर आठवेना.

"सात," बायको म्हणाली. "सात नंबर, बाबा." आणि एवढ्या लोकांत ती रडायला लागली. सासऱ्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण त्यांचंही तेच झालं असतं. त्यांनी सात आकडा काढला, 'कायम' या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली आणि सही केली.

सेक्रेटरीसाहेबांनी अर्जासाठी हात पुढे केला. पण खाली आणखी एक रकाना होता: 'मदतनीसाचे नाव'. सासऱ्यांनी तो वाचला, मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ विचार केला, आणि माझं नाव लिहिलं.